प्राण्यांविषयीचे प्रेम आणि महाविद्यालयाची निवड

बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत एकच विषय चर्चेला असतो: पुढे काय? अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, वाणिज्य, हॉटेल व्यवस्थापन या वाटा आपल्या परिचयाच्या आहेत. त्या वाटेने गेलेला कोणी ना कोणी चुलतभाऊ, मावसबहीण किंवा शेजारी असतो आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात गाठून त्याला चार गोष्टी विचारता येतात. परंतु अलीकडे एखादा मुलगा किंवा मुलगी निराळेच काही बोलू लागते. "मला माणूस आणि प्राणी यांच्यातील नात्याचा अभ्यास करायचा आहे." आईवडील बुचकळ्यात पडतात. "म्हणजे गुरांचा डॉक्टर व्हायचे आहे का?" "नाही, तसे नाही." "मग काय?" बहुधा संभाषण येथेच थांबते. मुलाला नेमके सांगता येत नाही आणि पालकांना नेमके काय विचारावे ते कळत नाही.

मग संगणकावर परदेशातील एखाद्या महाविद्यालयाचे देखणे माहितीपत्रक सापडते. त्यावर कुत्र्याला कवटाळून बसलेल्या विद्यार्थिनीचे छायाचित्र असते. लाखो रुपयांचा आणि आयुष्यातील मोलाच्या वर्षांचा निर्णय त्या एका छायाचित्रावरून घेतला जाण्याचा धोका असतो. असा निर्णय घेण्यापूर्वी मुलांनी व पालकांनी एकत्र बसून काय पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: आधी आपला प्रश्न निवडावा, महाविद्यालय मागाहून. आणि प्रश्न निवडताना हे विसरू नये, की 'मानव-प्राणी संबंध' या नावातील पहिला शब्द 'मानव' हा आहे.

हा विषय म्हणजे नेमके काय?

माणूस आणि प्राणी यांचे नाते फार प्राचीन आहे. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक दफन सापडले. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष व एक स्त्री यांच्यासोबत कुत्र्याचेही अवशेष मिळाले. नाते इतके जुने असले, तरी त्याचा स्वतंत्र विद्याशाखा म्हणून अभ्यास अगदी अलीकडचा आहे. न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्या असे लक्षात आले, की जे मूल आपल्याशी बोलत नाही ते आपल्या 'जिंगल्स' नावाच्या कुत्र्याच्या सहवासात मोकळे होते. हा अनुभव त्यांनी १९६२ साली एका शोधनिबंधातून मांडला. त्यावर आरंभी टीका झाली, पण पुढे अनेक संशोधक या विषयाकडे वळले. १९८७ साली 'अँथ्रोझूस' हे संशोधनपर नियतकालिक निघाले आणि १९९१ साली या विषयाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या विद्याशाखेला आज 'अँथ्रोझूलॉजी' असे म्हणतात. मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, प्राणिवर्तनशास्त्र, इतिहास, कायदा आणि नीतिशास्त्र यांचे पाणी या एका विहिरीत येते.

हे ऐकून कोणी म्हणेल, की हे सुखवस्तू देशांचे चोचले आहेत. तसे मुळीच नाही. आपल्याच राज्यातील जुन्नरचे उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातील या उसाच्या पट्ट्यात बिबटे माणसांच्या वस्तीलगत राहतात. २००१ ते २००३ या काळात तेथे मोठ्या संख्येने बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. उपाय सरळ वाटत होता. प्रत्यक्षात माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनांचा अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला. पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते या मोहिमेच्या काळात सतरापर्यंत गेले होते. अनोळखी मुलखात सोडलेले, पकडण्याच्या ताणातून गेलेले जनावर माणसाला अधिक धोकादायक ठरू शकते, हा त्यातून मिळालेला धडा.

याच अभ्यासकांनी अकोले तालुक्यातील बिबटे काय खातात, हेही तपासले. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव व गावठी प्राण्यांचा होता आणि त्यात सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. आता साखळी जुळवून पाहा. उघड्यावर टाकलेले खरकटे आणि कचरा कुत्र्यांना पोसतो, कुत्री बिबट्याला पोसतात आणि बिबट्या गावात वावरतो म्हणून माणूस भयभीत होतो. येथे केवळ बिबट्याचा अभ्यास करून भागत नाही. ऊस, कचरा, गोठ्याचे दार, शेळी गमावलेल्या बाईचे दुःख, वनखात्याची नुकसानभरपाई, वर्तमानपत्रातील मथळे, हे सारे समजून घ्यावे लागते. मानव-प्राणी संबंधांचा अभ्यास तो हाच. यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

चार वाटा, चार प्रकारची महाविद्यालये

ज्याला या क्षेत्रात यायचे आहे, त्याने स्वतःला विचारावे: मला नक्की कोणता प्रश्न सतावतो? आमच्या मते या प्रश्नांचे चार गट पडतात आणि प्रत्येक गटाचे महाविद्यालय वेगळे आहे.

पहिला प्रश्न: आजारी प्राण्याला बरे कसे करावे? ज्याच्या मनात हा प्रश्न आहे, त्याने परदेशी माहितीपत्रके बाजूला ठेवून सरळ पशुवैद्यकाची वाट धरावी. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळ येथे सुरू झाले. आज ते नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही या विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. पदवीचा काळ आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा असतो आणि प्रवेशासाठी 'नीट' परीक्षेचे गुण लागतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे, तेव्हा या विद्येची गरज संपणारी नाही. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. अँथ्रोझूलॉजीची पदवी, मग ती कितीही नामांकित विद्यापीठाची असो, प्राण्यांवर औषधोपचार करण्याचा अधिकार देत नाही. तो अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकांनाच आहे. हा भेद न कळल्यामुळे मुलांची वर्षे आणि पालकांची पुंजी वाया जाऊ शकते.

दुसरा प्रश्न: प्राणी असा का वागतो आणि रानातील प्राणी व माणूस शेजारी कसे राहतील? ही वर्तनशास्त्राची आणि वन्यजीव विज्ञानाची वाट आहे. त्यासाठी प्रथम प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा अन्य विज्ञान विषयात चांगली पदवी घ्यावी. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. येथे जागा मोजक्या आणि स्पर्धा कठीण आहे. मुंबईची १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निसर्ग अभ्यासाचे छोटे अभ्यासक्रम घेत आली आहे. कल तपासून पाहण्यासाठी आरंभी असा एखादा अभ्यासक्रम करणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न: माणसांच्या जीवनात, इतिहासात आणि श्रद्धेत प्राण्यांचे स्थान काय? या वाटेवरील विद्यार्थी कलाशाखेचा असला तरी चालतो, किंबहुना तोच अधिक शोभतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज १८२१ सालापासूनचे आहे. तेथील पुरातत्त्व विभागात उत्खननात सापडलेल्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास होतो. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन चालले. तेथील हाडांवरून तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी कोणती जनावरे पाळत होता आणि कशाची शिकार करत होता, ते कळते. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातील धनगरांच्या दैवतांचा आणि जीवनाचा अभ्यास करून १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंढ्यांच्या कळपामागून चालणाऱ्या समाजाचा देवही कळपासोबत चालतो, हे समजण्यासाठी मेंढी आणि मेंढपाळ या दोघांनाही ओळखावे लागते. मानववंशशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांपैकी एका विषयाचा पाया पक्का करून या वाटेने जाता येते.

चौथा प्रश्न: प्राण्यांशी न्यायाने वागण्याचे नियम कोणते असावेत? ही कायद्याची आणि प्राणिकल्याणाची वाट. ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांनी १९६४ साली कोंडून ठेवलेल्या कोंबड्या-वासरांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. त्यामुळे शासनाने समिती नेमली आणि १९६५ साली तिचा अहवाल आला. पाळीव जनावराला उठता, बसता, वळता आले पाहिजे, या साध्या अपेक्षेतून पुढे प्राणिकल्याणाचे शास्त्र उभे राहिले. केंब्रिज विद्यापीठाने १९८६ साली त्यासाठी प्राध्यापकपद निर्माण केले. आपल्या देशात १९६० पासून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे आणि भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाविषयी २०२३ साली नवे नियम झाले. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने प्राणिसंरक्षण कायद्याचे अभ्यासक्रम सुरू केले आहेत. वकिलीच्या पदवीला अशा अभ्यासक्रमाची जोड मिळाली, तर हातात व्यवसायही राहतो आणि ध्येयही.

परदेशातील दोन कॅथलिक संस्था

या चारही वाटा एकत्र शिकवणारी, 'अँथ्रोझूलॉजी' याच नावाने पदवी देणारी महाविद्यालये प्रामुख्याने परदेशांत आहेत. त्यांत दोन कॅथलिक संस्थांची नावे अग्रभागी येतात, ही बाब आपल्या वाचकांना जाणून घ्यावीशी वाटेल.

पहिली संस्था अमेरिकेतील मोंटाना राज्यात हेलेना येथील कॅरोल कॉलेज. १९०९ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय तेथील धर्मप्रांताशी निगडित आहे. मानसशास्त्राच्या प्राध्यापिका अॅन पर्किन्स यांच्या प्रयत्नांतून तेथे मानव-प्राणी संबंधांचे शिक्षण सुरू झाले आणि पुढे त्याला पूर्ण पदवीचे स्वरूप आले. श्वानांसंबंधीचा भाग निवडणारे विद्यार्थी वर्षभर एक कुत्रा आपल्यापाशी सांभाळून त्याला शिकवतात. घोड्यांबरोबर काम करण्याचीही व्यवस्था आहे. पुस्तकातील मानसशास्त्र त्या कुत्र्याच्या वागण्यात पडताळून पाहावे लागते आणि वर्षाच्या शेवटी तो कुत्रा सोडूनही द्यावा लागतो. प्रेम म्हणजे ताबा नव्हे, हा धडा वर्गात शिकवून येत नाही.

दुसरी संस्था न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील कॅनिशियस. येशूसंघीय धर्मगुरूंनी १८७० साली स्थापन केलेल्या या महाविद्यालयाला २०२३ पासून विद्यापीठ असे नाव आहे. २०११ साली तेथे अँथ्रोझूलॉजीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. बहुतांश अभ्यास घरी राहून करायचा आणि थोड्या दिवसांसाठी प्रत्यक्ष एकत्र जमायचे, अशी त्याची रचना ठेवण्यात आली. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठही हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवते, परंतु तेथे त्याचा कणा मानववंशशास्त्राचा आहे. म्हणजे नाव एकच, पण एका ठिकाणी कुत्र्याच्या दोरीपासून आरंभ होतो, तर दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या रीतीभातीपासून. म्हणूनच नावावर जाऊ नये, असे आम्ही सांगतो.

महाविद्यालयाला विचारावयाचे पाच प्रश्न

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाला पुढील प्रश्न लेखी विचारावेत. चांगली संस्था उत्तर देण्यास संकोच करत नाही.

पहिला: शिकवणारे प्राध्यापक मूळ कोणत्या विषयाचे आहेत? सर्वजण एकाच विषयाचे असतील, तर अभ्यासक्रमही त्याच बाजूला कललेला असणार. आपला प्रश्न त्या बाजूचा आहे का, ते पाहावे.

दुसरा: विद्यार्थी प्रत्यक्ष प्राण्यांसोबत किती तास घालवतो आणि त्या प्राण्यांची देखभाल कोण करतो? शिक्षणासाठी ठेवलेल्या प्राण्यांचेच हाल होत असतील, तर तेथे शिकण्यासारखे काही नाही.

तिसरा: विद्यार्थी माणसांना कोठे भेटतो? शेतकरी, मेंढपाळ, कोळी, खाटीक, वनरक्षक, रुग्णालयातील रुग्ण, यांच्यापैकी कोणाशीही गाठ न घालणारा अभ्यासक्रम अर्धाच आहे.

चौथा: मागील पाच वर्षांतील विद्यार्थी आज काय काम करतात? दोन-चार यशस्वी नावे ऐकून समाधान मानू नये. सर्वांचा तपशील मागावा.

पाचवा: ही पदवी भारतात ग्राह्य धरली जाईल का? परदेशी पदवीच्या समकक्षतेबाबत शुल्क भरण्याआधी भारतीय विद्यापीठ संघाकडे व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चालू नियमांत चौकशी करावी. विशेषतः दूरशिक्षणाने मिळणारी पदवी येथे आपोआप मान्य होईल, असे गृहीत धरू नये. तसेच तो अभ्यासक्रम यंदा प्रत्यक्ष चालू आहे ना, याचीही खातरजमा करावी, कारण लहान विद्याशाखा विद्यार्थी कमी झाले की बंदही होतात.

याखेरीज एक प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा आहे. मी प्राण्यांकडे ओढला जातो आहे, की माणसांपासून पळतो आहे? काही संवेदनशील मुले माणसांच्या जगात दुखावली जातात आणि मुक्या प्राण्यांत आसरा शोधतात. त्यात गैर काही नाही, परंतु त्या आधारावर हा व्यवसाय उभा राहत नाही. बिबट्याने शेळी नेली त्या घरात जाऊन बसण्याची, कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईचा संताप ऐकून घेण्याची, गाय विकावी लागलेल्या शेतकऱ्याला दोष न देता समजून घेण्याची तयारी या अभ्यासकाला ठेवावी लागते. ही तयारी आहे की नाही, हे पाहण्याचा मार्ग सोपा आणि बिनखर्चाचा आहे. निर्णयापूर्वी निदान तीन महिने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा प्राण्यांच्या आश्रयस्थानात सेवा करावी. घाण काढावी, जखमा पाहाव्यात, एखाद्या प्राण्याचा मृत्यू पाहावा आणि त्या प्राण्याच्या मालकाशी बोलावे. त्यानंतरही ओढ टिकली, तर ती खरी.

पैसा आणि विवेक

पालकांच्या मनात आणखी एक शंका असते, ती बोलून दाखवली जात नाही एवढेच. जगात माणसे उपाशी असताना प्राण्यांच्या अभ्यासावर इतका पैसा घालवावा का? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ परिच्छेद २४१५ ते २४१८ मध्ये या विषयाचा विचार करतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. त्याचबरोबर माणसांचे दैन्य दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळू नये, असेही सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीची हाक आणि गरिबांची हाक एकत्र ऐकावयास शिकवले. ही दोन टोके नाहीत. जुन्नरच्या शेतात बिबट्याला समजून घेणारा अभ्यासक शेतमजुराच्या मुलाचे प्राण वाचवत असतो.

म्हणून खर्चाचा निर्णय या कसोटीवर घ्यावा: या शिक्षणातून माणसाचे व प्राण्याचे, दोघांचेही भले होईल का? तसे असेल, तर ते शिक्षण चैन ठरत नाही. मात्र त्यासाठी घर गहाण ठेवून पहिल्याच पावलाला परदेश गाठण्याची गरज नाही. आपल्या देशात पक्की पदवी घ्यावी, दोन-तीन वर्षे काम करावे, आपला प्रश्न धारदार करावा आणि मग शिष्यवृत्तीसह बाहेरचा विचार करावा, हा क्रम आम्हांला अधिक सुज्ञपणाचा वाटतो.

आपल्या अनेक घरांत एके काळी गोठा होता. बैलाच्या डोळ्यांत पाहून त्याला ताप आहे का, ते ओळखणारे आजोबा आणि म्हशीशी बोलत दूध काढणाऱ्या आजी अनेकांना आठवत असतील. त्यांनी कोणतीही पदवी घेतली नव्हती, परंतु नाते त्यांना ठाऊक होते. गोठे गेले, ते ज्ञानही जाऊ लागले. आज तुमच्या घरातील मुलगा किंवा मुलगी तेच नाते नव्या भाषेत शिकू पाहत असेल, तर त्याला वेड्यात काढू नका आणि डोळे मिटून धनादेशही लिहू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "बाळा, तुझा प्रश्न कोणता?" त्याला उत्तर सापडेपर्यंत थांबा. ते सापडले, की योग्य महाविद्यालय शोधणे त्यामानाने सोपे आहे.